आफ्रिकेतलं 'कल्चरल डिनर' कितपत अस्सल असतं, आणि तिथलं खरं जेवण कुठे मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही अकरा जण, त्यांत चार शाकाहारी, जुलैत केनिया आणि टांझानिया करून झांझिबारला जाणार आहात. परतताना इथिओपियातल्या आदिस अबाबाला दोन दिवस थांबायचा विचार आहे. टूरवाल्याने जादा पैसे घेऊन दोन कार्यक्रम सुचवलेत: केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात 'ऑथेंटिक ट्रायबल बुश डिनर' आणि आदिसमध्ये 'कल्चरल डिनर विथ डान्स'. हे खरंच अस्सल असतं का, की पर्यटकांसाठी मांडलेला देखावा? आणि देखावा असेल तर खरं जेवण कुठे शोधायचं?

मी एकोणीस वर्षं टूर लीडर म्हणून मराठी ग्रुप घेऊन आफ्रिकेत जाते. हा प्रश्न दर सीझनला कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्याचं उत्तर घाईत देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. मारातलं बुश डिनर हा देखावा आहे. सुंदर असतो, पण त्यातल्या जेवणाचा मसाईंच्या, म्हणजे तिथल्या गुरं राखणाऱ्या जमातीच्या, जेवणाशी जवळजवळ संबंध नसतो. आदिसमधला नाच पर्यटकांसमोर होत असला तरी ताटात येतं ते तिथल्या घरांत शिजतं तेच. त्यामुळे दोन्हींना एकाच मापाने मोजू नका. पहिलं वगळलंत तर काही बिघडत नाही. दुसरं जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक रात्र सांगते. मारातल्या एका लॉजने आमच्यासाठी नदीकाठी जेवण मांडलं होतं. कंदील, पांढरे टेबलक्लॉथ, मधोमध शेकोटी. बुफेत भाजलेलं मटण, चिकन, पास्ता, क्रीममधले बटाटे, आणि अगदी टोकाला एका लहानशा भांड्यात उगाली, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. लाल शुका पांघरलेले दहा-बारा मसाई तरुण आले, उंच उड्यांचा अदुमु नाच केला, आमच्या मंडळींनी फोटो काढले आणि वीस मिनिटांत ते अंधारात निघून गेले. जेवणानंतर मी हात धुवायला मागे गेले. तिथे लॉजच्या गाडीच्या आडोशाला तीच मुलं एका पातेल्याभोवती उकिडवी बसून उगाली आणि घेवड्याच्या बिया खात होती. मला पाहून एकाने सरकून जागा केली आणि 'करिबू' म्हणाला. करिबू म्हणजे 'या, बसा'. मी बसले. बिया मऊ शिजलेल्या, मीठ बेताचं, कांद्याचा गोडवा, आणि उगाली इतकी गरम की बोटं भाजत होती. उगालीचा लहानसा गोळा करायचा, अंगठ्याने त्याला खळगा पाडायचा आणि त्यात बिया उचलायच्या, हे मला त्या मुलाने हाताला धरून शिकवलं. माझ्या ग्रुपने ज्यासाठी पैसे मोजले होते ते जेवण त्या गाडीमागे चाललं होतं, आणि ग्रुपला त्याचा पत्ताही नव्हता. ही गोष्ट मला अजून लागते.

मसाईंबद्दल एक माहीत असू द्या. त्यांच्या घरी मांस रोज नसतं. रोजचं म्हणजे दूध, भरपूर दूध-साखरेचा चहा आणि आता बऱ्याच घरांत उगाली. दूध वाळलेल्या भोपळ्याच्या भांड्यात ठेवतात, आणि भांडं धुण्याऐवजी आतून जळत्या लाकडाने धुरी देऊन साफ करतात. त्या दुधाला येणारा धुराचा वास एकदा घेतलात की विसरणार नाही. मांसाची मेजवानी वेगळी. त्यासाठी पुरुष वस्तीपासून लांब रानात जाऊन राहतात, त्या मुक्कामाला ओलपुल म्हणतात. तिथे जनावर कापतात, झाडाच्या साली-मुळ्या घालून रस्सा करतात, आणि तिथे बायका नसतात. म्हणजे बायका-पुरुषांनी टेबलावर बसून खायचा 'मसाई बार्बेक्यू' ही चीज त्यांच्या रिवाजात कुठेच बसत नाही. ती लॉजच्या किचनमध्ये जन्मली.

मग अस्सल ओळखायचं कसं? मी एकच गोष्ट बघते. हेच जेवण, याच जागी, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन तिथला माणूस जेवायला येतो का? येत असेल तर नाच असो, दिवे असोत, मेनू इंग्रजीत असो, मला चालतं. येत नसेल तर शेफने डोक्याला पिसं खोचली तरी माझ्या लेखी ते अस्सल नाही.

नैरोबीत लांगाटा रोडला कार्निव्होर नावाचं रेस्टॉरंट आहे, 1980 सालचं. मोठ्या भट्टीवर मसाई तलवारींना लावून मांस भाजतात आणि टेबलावरचा छोटा झेंडा तुम्ही खाली करेपर्यंत वाढत राहतात. पुष्कळ जण त्याला 'टूरिस्ट ट्रॅप' म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. शेजारच्या टेबलावर नैरोबीचीच कुटुंबं वाढदिवस साजरा करताना दिसतात. ते आदिवासी जेवण नाही आणि तसा आव कुणी आणू नये, पण ते नैरोबीचं मौजेचं जेवण आहे. मात्र तिथे किंवा कुठेही 'झेब्रा, हरण मिळेल का' असं विचारू नका. केनियात 1977 पासून शिकारीवर बंदी आहे. एखादा गाईड गुपचूप 'बुश मीट' खिलवतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, ती चोरटी शिकार असते. दक्षिण आफ्रिकेत गोष्ट वेगळी. तिथे कुडू, स्प्रिंगबॉकचं मांस कायदेशीरपणे मिळतं आणि लोक सर्रास खातात.

'जुनं ते अस्सल' ही दुसरी समजूतही सोडून द्या. आपल्या उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा, शेंगदाणे, मिरची, बटाटा, सगळं मुळात अमेरिका खंडातलं. म्हणून ती कुणी परकी म्हणेल का? उगालीचा मकाही तिकडचाच. पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला आणि पूर्व आफ्रिकेत घरोघरचं मुख्य अन्न झाला तो गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत. त्याआधी तिथे कसल्या पिठाचं शिजत होतं? ज्वारीचं आणि नाचणीचं.

इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण हे कळल्यावर माझ्या ग्रुपमधल्या आजींचे चेहरे कसे उजळतात ते मी पाहिलंय. आपल्या भाकरीची तिन्ही धान्यं आफ्रिकेतून आली. ज्वारी सुदानच्या बाजूची, बाजरी पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातली, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. हजारो वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. चवळीही तिकडची, चिंचही तिकडची. ज्या कारळ्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो ते कारळेही इथिओपियाचे. तिथे त्यांना नूग म्हणतात आणि त्यांचं तेल काढतात. केनियात नाचणीला विंबी म्हणतात, आणि 'उजी वा विंबी' (विंबीची उजी) म्हणजे हुबेहूब आपली नाचणीची आंबील किंवा पेज. लहान मुलांना आणि बाळंतिणीला देतात. सकाळी लॉजच्या ब्रेकफास्टला कॉर्नफ्लेक्स घेण्याऐवजी आदल्या रात्री किचनला सांगून ठेवा, 'उद्या उजी मिळेल का?' बहुतेक ठिकाणी कामगारांसाठी कसली ना कसली उजी शिजतच असते. विंबीची नसली तर मक्याची असेल. एका वर्षी माझ्या ग्रुपमधल्या कोल्हापूरच्या एका काकूंनी ती प्यायल्यावर किचनमधल्या बाईला खुणांनी विचारलं, पीठ भाजून घेता का? तिने डबा उघडून पीठच दाखवलं. काकूंनी चिमूट उचलून हुंगली आणि म्हणाल्या, 'आमचीच की ही.' त्यानंतर अर्धा तास त्या दोघी एकमेकींना काय काय सांगत होत्या, आणि एकीला दुसरीची भाषा येत नव्हती.

आता मटण खाणाऱ्या सात जणांसाठी. न्यामा चोमा म्हणजे भाजलेलं मांस, केनियाच्या रविवारचा प्राण. ते लॉजमध्ये खाऊ नका. रस्त्याकडेला खाटकाच्या दुकानालाच जोडून भट्टी असते, तिथे खा. दर्शनी बाजूला बकरा टांगलेला असतो. म्बुझी म्हणजे बकरा. कुठला तुकडा आणि किती किलो ते तुम्ही सांगायचं, समोर वजन होतं, मग ते कोळशावर जातं. वर फक्त मीठ. आणि मग थांबायचं. तास, सव्वा तास, कधी त्याहून जास्त. त्या वेळात चहा, सोडा, गप्पा, शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाशी ओळख. शेवटी एक मुलगा तांब्या आणि घमेलं घेऊन येतो, हातांवर कोमट पाणी घालतो, आणि लाकडी पाटावर सपासप तुकडे करून पाटच तुमच्यापुढे ठेवतो. सोबत उगाली, पाटाच्या कोपऱ्यात मिठाचा ढीग आणि कचुंबरी: कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मिरची, लिंबू. शब्द ऐकूनच कळेल की तो आपल्या कचुंबराचाच भाऊबंद.

अडचण कुठे होते सांगते. टूरच्या वेळापत्रकात दुपारच्या जेवणाला पाऊण तास असतो. पाऊण तासात न्यामा चोमा होत नाही. म्हणून ड्रायव्हर तुम्हाला जिथे बुफे तयार असतो आणि पलीकडे लाकडी जिराफ विकतात अशा ठिकाणी नेतो. त्यात त्याची लबाडीच असते असं नाही, वेळेचं गणितच तसं असतं. खरं जेवण हवं असेल तर त्या दिवसाचं एखादं 'साइट सीइंग' काढून टाकायला लागेल. नैरोबीहून माराला जाताना किंवा परतताना वाटेतल्या नारोक गावाच्या आसपास दोन-अडीच तास मोकळे ठेवा, एवढं टूरवाल्याला आत्ताच सांगा.

टांझानियात आरुशा किंवा मोशीला एक दुपार 'मामा न्तिलिए'कडे घालवा. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. मामा न्तिलिए म्हणजे 'आई, मला वाढ'. रस्त्याकडेला, बाजाराजवळ, बांधकामाच्या जागेशेजारी ज्या बायका जेवण शिजवून विकतात त्यांना सगळा देश याच नावाने ओळखतो. कोळशाच्या शेगड्यांवर ओळीने अॅल्युमिनियमची पातेली, त्यांवर झाकणं, समोर बाकडं. वली म्हणजे भात, बहुतेकदा नारळाच्या दुधातला. महारागे म्हणजे घेवड्याच्या बियांची उसळ, तीही कित्येकदा नारळातली. मचिचा म्हणजे माठाच्या जातीची पालेभाजी. मालवणच्या माणसाला इथे काहीच समजावून सांगावं लागत नाही. गवंडी, शाळामास्तर, बँकेतला कारकून सगळे त्याच बाकड्यावर बसतात. अकरा जण एकदम जाऊन धडकू नका, तिची रोजची गिऱ्हाइकं उपाशी राहतील. गाईडला आदल्या दिवशी निरोप द्यायला सांगा, म्हणजे ती दोन पातेली जास्त चढवेल. आणि गेल्यावर वयाने मोठ्या बाईला 'शिकामू' म्हणा. हा तिकडचा वाकून केलेला नमस्कार. ती 'मराहाबा' म्हणेल. तुमच्याबरोबर मुलं असतील तर त्यांना हे नक्की शिकवा. या एका शब्दाने समोरचा चेहरा कसा बदलतो ते ती स्वतः पाहतील.

शाकाहारी चौघांचं काय? 'व्हेजिटेरियन' एवढंच सांगितलं तर मांसाचे तुकडे बाजूला काढून रस्सा वाढतील, किंवा चिकन पुढे ठेवतील, कारण न्यामा या शब्दात कोंबडी येते असं सगळ्यांना वाटत नाही. म्हणून एकेकाचं नाव घेऊन सांगा: 'सिली न्यामा, सिली कुकू, सिली समाकी.' मांस खात नाही, कोंबडी खात नाही, मासे खात नाही. पालेभाजी आणि उसळीत मांसाचा रस किंवा मसाल्याचे क्यूब घातलेत का तेही विचारा. एवढं सांभाळलं तर केनियात तुमची चंगळ आहे. न्देंगु म्हणजे हिरवे मूग. न्देंगु आणि चपाती हे तिथलं नेहमीचं, साधं जेवण. गिथेरी म्हणजे मक्याचे दाणे आणि घेवड्याच्या बिया एकत्र शिजवलेल्या, किकुयू लोकांची. सुकुमा विकी ही पालेभाजी. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल', कारण महिनाअखेरीला तीच घर तारून नेते. तिकडची चपाती मैद्याची, तेल लावून पदर काढलेली असते. ती रेल्वेच्या आणि व्यापाराच्या वाटेने आपल्याकडच्या लोकांबरोबर गेली. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून सुमारे 32,000 मजूर नेले होते. आज चपातीशिवाय केनियात नाताळ होत नाही.

याच कारणाने नैरोबीत एखाद्या संध्याकाळी तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या हॉटेलात जेवलात तर 'हे काय, आपलंच जेवण' म्हणून मन खट्टू करू नका. 2017 साली केनिया सरकारने आशियाई वंशाच्या केनियन लोकांना देशाची 44वी जमात म्हणून अधिकृत मान्यता दिली. त्यांच्याकडे मोगो मागवा. मोगो म्हणजे कसाव्याचे, ज्याचा साबुदाणा करतात त्या कंदाचे, तळलेले तुकडे, वर मिरची आणि लिंबू. हा पदार्थ ना गुजरातेत सापडेल ना मसाई वस्तीत. तो पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांचा आहे, म्हणजे केनियाचाच आहे.

झांझिबारबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे चूक करायला फारसा वाव नाही. स्टोन टाउनमध्ये समुद्रकाठी फोरोधानी बागेत रोज संध्याकाळी खाण्याचा बाजार भरतो. पर्यटक येतात तशी तिथली कुटुंबंही मुलंबाळं घेऊन येतात. सगळे तिथे 'झांझिबार पिझ्झा' खातात. खा, छान लागतो, पण तो बेत अलीकडचा आहे. तुम्ही उरोजो शोधा. पिठाची पातळ, पिवळी, कैरीने आंबट केलेली कढी, तीत उकडलेला बटाटा, भजी, कचोरी, वरून कसाव्याचा चिवडा, खोबऱ्याची चटणी आणि तिखट. कढी आणि भेळ यांचं लग्न लावल्यासारखं. तिथे भजीला बजिया म्हणतात, कचोरीला कचोरी. मांसाच्या काड्या आणि अंडं नको असं सांगितलंत की शाकाहारी होतं. ते शक्यतो गल्लीतल्या टपरीवर खा, जिथे शाळा सुटल्यावर पोरं उभी असतात. फोरोधानीत मांडून ठेवलेल्या माशांच्या आणि खेकड्याच्या काड्यांपासून जरा जपून. त्या तासन्‌तास उघड्यावर असतात आणि मागितल्यावर नुसत्या गरम करून देतात. आल्या-लिंबाचा उसाचा रस बर्फाशिवाय मागा.

पोटाच्या बाबतीत माझा नियम साधा आहे: शेगडीवरून थेट ताटात आलेलं बिनधास्त खा, कच्चं, चिरून ठेवलेलं, बर्फातलं टाळा. गेल्या एकोणीस वर्षांत माझे ग्रुप जितके वेळा आजारी पडले, त्यातले बहुतेक प्रसंग मोठ्या हॉटेलच्या सॅलड काउंटरवरचे होते.

आता आदिस. मला विचाराल तर सगळ्या आफ्रिकेत शाकाहारी मराठी माणसासाठी इथिओपियासारखा देश नाही. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास वर्षातले दोनशेहून जास्त दिवस असतात, दर बुधवार-शुक्रवार तर ठरलेलेच. उपासाला मांस, अंडी, दूध, तूप काहीही चालत नाही. त्यामुळे 'येत्सोम', म्हणजे उपासाचं, एवढा एक शब्द उच्चारलात की तुमचं काम झालं. 'येत्सोम बेयायनेतू' मागवा: मोठ्या गोल इंजेरावर सात-आठ प्रकार. इंजेरा म्हणजे तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून मिताद नावाच्या मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजलेली जाळीदार आंबोळी. त्यावर मसुरीचं तिखट मिसिर वोत, पिवळ्या डाळीची सौम्य अलिचा, पालेभाजीची गोमेन, कोबी-गाजर-बटाटा, आणि शिरो. शिरो नावावर जाऊ नका, ते पिठलं आहे. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, बेरबेरे मसाला. तुमच्यापैकी कुणी कांदा-लसूण खात नसेल तर मात्र इथे अडचण येईल, तो सगळ्यातच असतो. आणि उपासाला काही जण मासे चालवून घेतात, तेवढं विचारून घ्या.

डान्सच्या रेस्टॉरंटमध्ये हे सगळं उत्तम मिळतं. खांद्यांचा तो एस्किस्ता नाच बघताना आदिसचे लोकही टाळ्या वाजवत असतात, लग्नाची पाहुणेमंडळी घेऊन आलेले असतात. म्हणूनच मी तो कार्यक्रम करा म्हणते. एकाच ताटात सगळ्यांनी हात घालायचा असतो. आपल्या काही मंडळींना त्याचा संकोच वाटतो. वेगळं ताट मागितलं तर देतात, कुणी रागावत नाही. पण शेजारच्याने प्रेमाने घास करून तुमच्या तोंडाजवळ आणला, त्याला गुर्शा म्हणतात, तर तोंड फिरवू नका. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत घास भरवतात त्यामागची माया आणि ही माया एकच आहे.

टूरवाल्याला चार गोष्टी स्पष्ट विचारा. जेवण कोण शिजवणार? तिथले कामगार आणि ड्रायव्हर त्या दिवशी काय जेवणार, आणि आम्हाला तेच मिळेल का? नाचणाऱ्यांना किंवा वस्तीला पैसे कसे आणि कुणाच्या हातात जातात? किती वेळ ठेवलाय? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा बहुतेक गोंधळतो, कारण असं कुणी विचारत नाही. पण लॉजच्या स्टाफ कँटीनचं जेवण मागितलं तर किचनमधली मंडळी मनापासून खूश होतात. मारातल्या त्या रात्रीनंतर मी प्रत्येक टूरमध्ये निदान एका जेवणाला हे मागतेच. आणि मसाई वस्तीला भेट देणार असाल तर प्रवेशाचे पैसे वस्तीतल्या माणसाच्या हातात, सगळ्यांसमोर द्या. ते ड्रायव्हरमार्फत गेले आणि त्यातला मोठा वाटा वाटेतच राहिला, असं मी एकदा नाही, तीनदा पाहिलंय.

घरून ठेपले, लोणचं, चिवडा न्याच. वयस्कर माणसांना रात्री ओळखीचं काहीतरी लागतं. फक्त रोज दोन्ही वेळचं 'इंडियन फूड गॅरंटीड' घेऊ नका. एक वेळ तिथल्या जेवणासाठी मोकळी ठेवा, नाहीतर वर लिहिलेल्यातलं काहीच पदरात पडणार नाही.

शेवटी कॉफी. ती रेस्टॉरंटमध्ये उरकू नका. आदिसमधल्या तुमच्या गाईडला विचारा, कुणाच्या घरी जाता येईल का, आणि घरातल्या बाईंना द्यायची रक्कम आधीच मोकळेपणी ठरवून घ्या, म्हणजे शेवटी कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. जमिनीवर हिरवं गवत पसरतात. हिरव्या बिया तुमच्यासमोर धुऊन तव्यावर भाजतात आणि तो धुराचा तवा प्रत्येकासमोर फिरवतात. हाताने वास ओढून घ्यायचा. मग कुटणं, मग जेबेना नावाच्या काळ्या मातीच्या सुरईत उकळणं, सोबत मक्याच्या लाह्या. कॉफी तीन वेळा देतात: अबोल, तोना आणि बरका. तिसरीचं नाव बरकत या शब्दाच्या कुळातलं, म्हणजे आशीर्वादाची.

एकदा आमच्या गाईडच्या आत्याच्या घरी आम्ही सोळा जण बसलो होतो. पहिला पेला झाला आणि बसवाल्याचा फोन आला, विमानतळावर पोचायला उशीर होतोय. वेळापत्रक मीच केलं होतं आणि त्यात या घरासाठी चाळीस मिनिटं लिहिली होती. आम्ही उठलो. त्या बाई जेबेना हातात धरून दारात उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. गाईडने गाडीत बसल्यावर सांगितलं की बरका न घेता पाहुणा गेला की घरच्यांना चुटपूट लागते.

तुमच्या दोन दिवसांतली पहिली संध्याकाळ त्या घरासाठी ठेवा, विमानाच्या दिवसाची नको. चार वाजता जा, आणि त्यानंतर त्या दिवशी कागदावर काहीही लिहू नका.